डाव्या डोळ्यातलं इटियाडोह

उजव्या डोळ्यावरची पट्टी सुटली आणि केशोराव पटल्यांना सगळ्यात आधी दिसली ती एक बादली. गोंदियाच्या डोळ्यांच्या दवाखान्यात, कोपऱ्यात ठेवलेली, फरशी पुसायची साधी प्लास्टिकची बादली. पण ती एवढी निळी होती, की केशोराव डॉक्टरीणबाईंच्या बोटांकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिले.

"काकाजी, बोटं किती दिसतात?"

"बोटं राहू द्या बाई. ते बकेट निळं आहे ना?"

"निळंच आहे."

"एवढं निळं?"

डॉक्टरीणबाई हसल्या. पट्टी काढल्यावर पुष्कळ लोक असंच विचारतात, म्हणाल्या. मोतीबिंदू म्हणजे काही एकदम पडणारा पडदा नव्हे. स्वयंपाकघरातल्या काचेवर धुराचा थर चढतो तसा तो चढतो, आधी पिवळा, मग तपकिरी. हळूहळू चढतो म्हणून माणसाला पत्ता लागत नाही.

"माह्या डोळ्यात कवापासून असन?" केशोरावांनी विचारलं.

"तुमचा खूप जुना होता. दहा वर्षं तरी असेल. डाव्यातला तर याहून पिकलाय. हा बरा होऊ द्या, मग त्याचं करू. फार लांबवू नका मात्र."

दहा वर्षं. केशोरावांनी तो आकडा मनातल्या मनात एकदा उच्चारला.

मुलगा चंद्रकुमार जीप घेऊन आला होता. मागच्या सीटवर शामकला, त्यांची बायको, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. सडक अर्जुनीला चहासाठी गाडी थांबली, तेव्हा केशोराव ढाब्याच्या बाजेवर बसून रायपूरकडे जाणारे ट्रक बघत राहिले. एकेका ट्रकच्या पाठीवर मोर, कमळं, डोंगर आणि त्यावर निळं आभाळ. आयुष्यभर त्यांनी या चित्रांना नाक मुरडलं होतं. आज ती त्यांना एखाद्या लग्नातल्या मांडवासारखी वाटली.

मग त्यांनी शामकलेकडे पाहिलं. तिच्या तोंडावर एवढ्या सुरकुत्या कधी पडल्या?

"हे लुगडं नवं आहे काय वो?"

"हे?" शामकलेनं पदर बघितला. "आपल्या डिंपलच्या लग्नातलं आहे. किती वर्सं नेसून राहिली मी."

"मले तर ते कथ्थी वाटे, मातीवानी."

"जांभळं आहे जी. घेतलं तवापासून जांभळंच आहे."

केशोराव त्या पदराकडे बघत राहिले. चहा थंड होऊन गेला.

केशोरीला, आपल्या गावी घरी पोचल्यावर त्यांनी हातपाय धुतले आणि काठी टेकत थेट आपल्या खोलीत गेले. धानाच्या कोठीला लागून असलेली ही खोली. आत चारी भिंतींना त्यांनी काढलेली चित्रं टेकवलेली, काही टांगलेली. त्यांनी खिडकी उघडली. माघातलं ऊन आत आलं आणि केशोराव दारातच उभे राहिले.

सगळी चित्रं पिवळी होती.

पिवळी म्हणजे उन्हासारखी पिवळी नव्हे. चहाच्या पाण्यात बुडवून वाळत घातल्यासारखी. इटियाडोह धरणाचं पाणी पिवळं, त्यामागचे डोंगर गेरूचे, धानाच्या बांध्या, ती छोटी छोटी खाचरं, वाळल्या गवतासारखी, आभाळ तर जुन्या वर्तमानपत्राच्या कागदासारखं. त्यांनी डावा डोळा हातानं झाकला, तरी तेच. मग उजवा झाकला आणि डाव्यानं पाहिलं. तेव्हा चित्रं पुन्हा त्यांची झाली. ऊबदार, शांत, नेहमीची. हात काढला की पुन्हा चहाचं पाणी.

असं त्यांनी कितीतरी वेळा केलं. शेवटी ते स्टुलावर बसले. एवढं थकल्यासारखं त्यांना बापाला अग्नी देऊन आल्यावरही वाटलं नव्हतं.

बाप गेला तेव्हा केशोराव नागपूरला चित्रकला शिकत होते. पवार समाजातल्या शेतकरी घरातला पोरगा, माळव्यातून आलेल्या पूर्वजांनी जंगल काढून केलेल्या बांध्या, आणि हा रंगांच्या नळ्या घेऊन हिंडतो, म्हणून घरात आधीच कुरकुर होती. नागपूरला एका सरांनी वर्गात एकदा जुन्या पुस्तकातलं एक छापील चित्र दाखवलं होतं. जर्मनीतल्या कुठल्याशा मुलखाचं. दलदलीचं रान, त्यातून गेलेला एक काळा चर, दोन बुटकी झाडं आणि वर ढगांचं ओझं. सर म्हणाले, हा चित्रकार आपला जिल्हा सोडून फारसा कुठे गेलाच नाही. जन्मभर हेच रान रंगवत बसला, आणि त्याच्या मुलखाबाहेर त्याला कोणी ओळखतही नव्हतं. वर्गातली पोरं हसली. केशोराव हसले नाहीत. त्या माणसाचं नाव ते पुढे विसरले, पण असंही एक आयुष्य असू शकतं ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली.

त्यामुळे बाप गेल्यावर शिक्षण सोडून केशोरीला यावं लागलं, त्याचं त्यांना इतरांना वाटलं तेवढं दुःख झालं नाही. दलदलीऐवजी इथे धानाच्या बांध्या होत्या, चराऐवजी धरणातून आलेली नहर होती, आणि इटियाडोहच्या पाण्यामागे डोंगरांची रांग. त्यांनी तेच रंगवायला घेतलं. शेतीचं बहुतेक काम शामकलेच्या अंगावर पडलं. रोवणीच्या दिवसांत बायांच्या रांगेत ती कमरेत वाकलेली असायची आणि केशोराव बांधाच्या धुऱ्यावर बसून तीच रांग लांबून रंगवायचे. गावातले लोक चित्र बघून म्हणायचे, "याच्यात माणूस कुठी आहे?" केशोराव बोटानं दाखवायचे, ते ठिपके. लोक म्हणायचे, "मंग देवाचं एखादं काढा ना जी, घरात तरी लावता येईन." देवाचं त्यांनी कधी काढलं नाही, पुढाऱ्याचंही नाही. चित्रं साठत गेली. कुणाच्या लग्नात एखादं द्यायचं, बाकीची कोठीजवळ. उंदरांनी हळूहळू ती सगळी खाऊन टाकली.

साठी उलटल्यावर नशीब फिरलं. गोंदियाचे राइस मिलवाले इंद्रकुमार शेठ कुणाच्या तेरवीला केशोरीला आले होते. त्यांनी यजमानाच्या भिंतीवर केशोरावांचं चित्र पाहिलं आणि विचारत विचारत घरी आले. तेव्हाची ताजी चित्रं त्यांनी बघितली, आणि म्हणाले, "काकाजी, ये तो सोना है." त्यांनी काही विकत घेतली, मिलच्या ऑफिसात लावली, बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना दाखवली. नागपुरात प्रदर्शन भरवलं. पेपरात मोठा लेख आला, त्यात 'झाडीपट्टीची सोनेरी संध्याकाळ' असा मथळा होता. केशोरावांना तो मथळा वाचून थोडं नवल वाटलं होतं, कारण त्यातली बहुतेक चित्रं त्यांनी सकाळी काढलेली होती. त्यांनी ते इंद्रकुमारना सांगितलंही. इंद्रकुमार हसले. "सकाळ काय, संध्याकाळ काय, काकाजी. लोकांना आवडलं ना?"

आता स्टुलावर बसून केशोराव त्या सकाळींकडे बघत होते. नागपूरकर चुकले नव्हते. ही संध्याकाळच होती, आणि ती त्यांच्या डोळ्यात होती.

शामकला दारात आली. "जेवून घ्या. डॉक्टरीणबाईनं टाइमावर औषध टाकाले सांगतलं आहे."

"चंदूची माय, एक सांग. हे चित्र तुले पहिल्यापासून असंच पिवळं दिसे?"

"हो."

"मंग बोलली काऊन नाही?"

शामकलेनं चित्राकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिला प्रश्नच कळला नव्हता. "मले वाटलं, चित्रात असंच करतात."

तिची काही चूक नव्हती. गावातल्या सगळ्यांनाच तसं वाटलं होतं. चंद्रकुमारला, शेजाऱ्यांना, नागपूरच्या लेखवाल्याला. चित्रकार आहे, त्याला काहीतरी वेगळं दिसत असेल, म्हणून कोणी विचारलं नाही.

पुढचे काही दिवस केशोराव खाटेवर पडून होते. डोळ्याला धूळ लागू नये म्हणून सांगितलंच होतं, पण ते निमित्त झालं. अंगातून कोणी जीव काढून घेतल्यासारखं वाटत होतं. सगळी खटपट करून माणूस म्हाताऱ्या वयात एका जागी पोचतो आणि कळतं, की तिथं आपल्याला आपल्या हातानं नव्हे, आजारानं आणून सोडलं. तरुणपणी त्यांनी जी हिरवी-निळी चित्रं काढली, ती कोणाला नको होती. त्यांत इतका जीव ओतला होता. आणि जी जगाला आवडली ती मोतीबिंदूची.

एकदा उठून त्यांनी रंगांची पेटी उघडली. गेरू, पिवळा, तपकिरी, या नळ्या पिळून पिळून चपट्या झालेल्या. निळ्या नळ्या मात्र भरलेल्या होत्या आणि आत दगड झाल्या होत्या. तेव्हा त्यांना आठवलं. निळा लावला काय न् नाही लावला काय, डोळ्याला तो मातकटच दिसायचा. म्हणून एके दिवशी त्यांनी तो वापरणंच सोडलं होतं. का सोडतो आहोत, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

त्यांनी चंद्रकुमारकडून गोंदियाहून निळ्या नळ्या मागवल्या, आणि घरातलं सगळ्यात मोठं चित्र रंगवताना टेकवायच्या लाकडी घोडीवर चढवलं. इटियाडोहचं भरलेलं पाणी, पलीकडे डोंगर. त्यावर ते आभाळ दुरुस्त करायला बसले. आभाळ निळं केलं तर खालचं पाणी खोटं दिसू लागलं. पाणी निळं केलं तर झाडं मेली. झाडांना हिरवं केलं तर मातीनं दगा दिला. चार दिवस हा खेळ चालला. शेवटी चित्रात ना सकाळ राहिली ना संध्याकाळ, नुसता चिखल झाला. केशोरावांनी ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि हात धुवायला विहिरीवर गेले. हातावरचा निळा जाता जाईना.

इंद्रकुमार शेठ आले ते त्याच आठवड्यात. सोबत मिठाईचा डबा. शेठनं मिलच्या बाजूला एक हॉल बांधला होता. लग्नं, सभा, सगळ्यासाठी. त्याच्या भिंतींवर केशोरावांचीच चित्रं लावायची होती आणि समोरच्या मोठ्या भिंतीसाठी नवं, आजवर काढलं नसेल एवढं मोठं इटियाडोह हवं होतं. होळीनंतर उद्घाटन.

केशोरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग सांगून टाकलं. मोतीबिंदू, पिवळा डोळा, दगड झालेल्या नळ्या, सगळं.

इंद्रकुमारनी मिठाईचा डबा उगाच इकडून तिकडे सरकवला. माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या डोळ्यांत हिशोब फिरताना केशोरावांना दिसला. आता फारच स्वच्छ दिसत होतं.

"काकाजी, एक बात बोलू? नाराज नका होऊ. हे बाहेर कोणाला सांगू नका."

"काऊन?"

"लोक चित्र पाहतात, डोळा थोडी पाहतात. आणि..." शेठनं आवाज खाली केला. "डावा डोळा अजून तसाच आहे ना? मग उद्घाटन होऊ द्या. ऑपरेशन बाद में. एक-दोन महिन्यांनं काय फरक पडते?"

शामकला चहा घेऊन येत होती. ती दारातच थांबली. "शेठजी, तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू असता तं तुमी ठेवला असता?"

"अरे काकी, मी चित्रकार थोडीच आहे!" इंद्रकुमार हसले. पण त्यांच्याबरोबर कोणी हसलं नाही.

ते गेल्यावर शामकला म्हणाली, "डाव्या डोळ्याची तारीख घेऊन टाका. काही नाटक नाही पायजे."

केशोराव "पाहू" म्हणाले. खरं सांगायचं तर शेठचं बोलणं त्यांच्या मनात रुतलं होतं. डाव्या डोळ्यात अजून ते जग होतं, ज्यात त्यांची दहा वर्षं गेली होती. ऑपरेशन झालं की ते कायमचं पुसलं जाणार होतं. घर पाडायच्या आधी माणूस एकदा आत जाऊन येतो, तसं त्यांना त्यात जाऊन यावंसं वाटत होतं.

चंद्रकुमारनं त्यांना मोटरसायकलवर बसवून इटियाडोहला नेलं. फळी, रंग, खुर्ची सगळं बांधून. "बाबूजी, मी खाद घेऊन वापस येतो. ऊन लागलं तं झाडाखाली बसजा," असं सांगून तो गेला. केशोराव धरणाच्या काठाला मोहाच्या झाडाखाली बसले. मोहाची पानं झडत होती. काठाच्या उथळ पाण्यात सारसाची एक जोडी उभी होती. त्यांनी उजव्या डोळ्यावर रुमाल बांधला.

आणि सगळं जागेवर आलं. पाणी पिवळं, शांत. डोंगर गेरूचे. सारसांचे पंख जुन्या हस्तिदंतासारखे. त्यांनी सोबत आणलेलं एक जुनं छोटं चित्र मांडीवर घेतलं, याच काठावरून काढलेलं. चित्र आणि पाणी, दोन्हींत तसूभर फरक नव्हता.

केशोरावांच्या छातीवरचा दगड थोडा सरकला. आपण खोटं काढलं नव्हतं. जे दिसलं तेच काढलं होतं, जसं दिसलं तसंच. यापेक्षा जास्त कोणता चित्रकार करतो? त्या जर्मनीतल्या माणसाच्या डोळ्यांत तरी काय होतं, कोणाला ठाऊक. रुमालाखालून उजव्या डोळ्यातून पाणी आलं. ते त्यांनी वाहू दिलं.

त्याच उभारीत त्यांनी शेठचं मोठं चित्र सुरू केलं. काठावर बसून मांडणी केली आणि घरी येऊन, रुमाल बांधून, मोठ्या कॅनव्हासवर काम घेतलं. हात सराईत होता. पाणी कुठे चमकवायचं, डोंगराची कड कुठे विरघळवायची, सगळं त्याला पाठ. चित्र भराभर उभं राहिलं. शेजारपाजारचे बघून गेले. चंद्रकुमार म्हणाला, "बाबूजी, हे तं सगळ्यात भारी झालं." इंद्रकुमारनी येऊन मोबाइलवर फोटो काढले, पुढून, बाजूनं, जवळून, आणि खूश होऊन गेले.

फक्त केशोरावांना ते चित्र बघवेना.

त्यांनी रुमाल काढून पाहिलं, बांधून पाहिलं. चित्रात चूक नव्हती. डोळा तोच, हात तोच, पाणी तेच. पण आधी ते दिसत होतं म्हणून काढत होते आणि आता काढायचं होतं म्हणून तसं बघत होते. उजव्या डोळ्याला माहीत होतं की आभाळ निळं आहे. त्याच्यावर रुमाल बांधता येत होता, पण त्याला जे माहीत झालं ते कशानं बांधणार? पहिल्यांदाच केशोरावांना वाटलं, की आपल्या हातून नकली माल निघाला. चिखल झालेलं ते चित्रसुद्धा याच्यापेक्षा बरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा काढला आणि रुंद ब्रशनं त्या मोठ्या इटियाडोहवर हात मारायला सुरुवात केली. शामकला दारात येऊन उभी राहिली. तिनं अडवलं नाही. पाणी गेलं, डोंगर गेले, सारस गेले. खांदा दुखायला लागला तेव्हा केशोराव खाली बसले.

"वरचं राहिलं," शामकला म्हणाली.

"हात पुरत नाही."

तिनं पदर खोचला, स्टुलावर चढली आणि उरलेलं आभाळ तिनं पांढरं केलं. भिंतीला चुना मारावा तसं, एका झटक्यात.

"चंदूले सांग," केशोराव म्हणाले, "डाव्या डोळ्याची तारीख घ्याले."

दुसरं ऑपरेशन होळीच्या आधीच झालं. या वेळी पट्टी काढल्यावर केशोरावांनी बोटं बरोबर मोजून सांगितली. दोन्ही डोळ्यांनी एकसारखं, स्वच्छ, कोरडं जग दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता काय काढाल काकाजी?" ते म्हणाले, "पाहू."

इंद्रकुमारना त्यांनी फोनवर सांगितलं, की मोठं चित्र नाही मिळणार. जुनी मात्र हवी तेवढी घेऊन जा, ती खरी आहेत. शेठ खूप बोलले. समजावलं, रागावले, शेवटी पुन्हा समजावलं. मग गाडी पाठवून जुनी चित्रं नेली.

उद्घाटनाला केशोराव जाणार नव्हते. चंद्रकुमारनं आग्रह केला म्हणून गेले. हॉलमध्ये एसी होता, गर्दी होती, गुलाबजलाचा वास होता. बाजूच्या भिंतींवर त्यांची सोनेरी चित्रं रांगेनं लागली होती. आणि समोरच्या मोठ्या भिंतीवर, पडद्याएवढं, ते इटियाडोह होतं. तेच. घरी जे पांढऱ्या रंगाखाली गाडून टाकलं होतं ते.

केशोराव जवळ गेले. हात लावून पाहिला. फ्लेक्स होता. शेठनी मोबाइलमधला फोटो छापून आणला होता. छपाईत पिवळा आणखी चढला होता, अगदी हळदीसारखा.

"काकाजी, लोकांना दिलेला शब्द खाली पडू द्यायचा नव्हता," इंद्रकुमार मागून म्हणाले. ते थोडे ओशाळले होते. "नाराज नाही ना?"

नाराज व्हायलाही ताकद लागते. केशोराव म्हणाले, "नाही."

लोक त्या फ्लेक्सपुढे उभे राहून फोटो काढत होते. मूळ चित्रांपुढे कोणी थांबत नव्हतं. नंतर त्यांना मंचावर बोलावलं, शाल दिली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. केशोरावांनी माइक हातात घेतला आणि जे होतं तेच सांगितलं. "मले मोतीबिंदू होता. म्हणून हे सगळं पिवळं आहे. बाजूचे चित्र मी डोळ्याले दिसलं तसे काढले. समोरचं मी काढून पुसून टाकलं होतं, ते माझं नाही. आणि ह्या चित्रात संध्याकाळ नाही, सकाळ आहे."

मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्या हॉलनं वाजवली. सूत्रसंचालन करणारा म्हणाला, "पहा, किती विनम्र कलावंत! अंतर्दृष्टी म्हणतात ती हीच." केशोरावांनी माइक परत दिला. शाल खांद्यावरून घसरत होती, ती त्यांनी हातात घेतली.

परतीच्या वाटेवर चंद्रकुमार गाडी चालवताना म्हणाला, "बाबूजी, तुमी सांगतलं ते चांगलं केलं." केशोराव खिडकीबाहेर पाहत होते. "कोणी आयकलं काय बापा?" ते म्हणाले.

नंतर बरेच दिवस त्यांनी रंगांना हात लावला नाही. शामकलेला नहरीच्या पाण्यावर लक्ष ठेवायला सोबत हवी म्हणून ते वावरात जाऊ लागले. उन्हाळी धान पोटरीला, लोंब्या निघायच्या बेतात आला होता. एका सकाळी त्यांनी एक वीतभर पुठ्ठा आणि चार नळ्या सोबत नेल्या. धुऱ्यावर बसून समोरची बांधी काढायला घेतली. हिरवा लवकर जमेना. इतक्या वर्षांनी तो हाताला अनोळखी झाला होता. कधी पोपटासारखा भडक व्हायचा, कधी औषधाच्या बाटलीसारखा. निळं आभाळ पुठ्ठ्यावर उगाच ओरडत होतं. बोटं दुखत होती, पाठ दुखत होती. काही काढावं असा उत्साहही नव्हता. नुसतं समोर जे आहे ते खरडत होते, कारण दुसरं काही येत नव्हतं.

शामकला पाण्याचं तोंड फोडून आली आणि फावडं टेकवून त्यांच्या मागे उभी राहिली. बराच वेळ पाहत होती.

"आपलीच बांधी होय ना?"

"हो."

"अन् हा कोपरा? अठी धान पिवळा पडला आहे म्हणून मी चंदूले बोंबलून राहिली. तो म्हणते, नाही पडला." तिनं चित्रातल्या कोपऱ्याकडे बोट केलं. "तुमाले पण दिसला?"

"दिसला म्हणून तं काढला."

"पण एक सांगू काय?" शामकला म्हणाली. "राग नका येऊ देऊ. ते पिवळे चित्र पाहाले बरे वाटत होते."

केशोराव वळून तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू आलं. पोटातून आलेलं, खोकल्यासारखं, आवरता न येणारं. हसता हसता त्यांना दम लागला. शामकलेला आधी कळेना, मग तीही हसायला लागली.

"मले बी," केशोराव म्हणाले. "मले बी बरेच वाटत होते."

त्यांनी ब्रश पाण्याच्या धारेत धरला. रॉकेलशिवाय तो साफ होणार नव्हता हे माहीत असूनही धरला. आणि पुठ्ठा मांडीवर नीट ठेवून त्या पिवळ्या पडलेल्या कोपऱ्यात आणखी थोडा हिरवा मिसळायला घेतला, कारण तो अजून पुरता पिवळा पडला नव्हता.